रात्रीचे अकरा पस्तीस

३ मार्च २०२५ ची पहाट. ऑस्करचा सोहळा आपल्याकडे साडेपाचला लागतो आणि मी साडेचारला उठलेली असते, त्यामुळे चहा घेता घेता तो बघून होतो. पोहे धुवून चाळणीत निथळत ठेवले होते. पडद्यावर सूत्रसंचालक आला, कोनन ओब्रायन. तोच ताडमाड उंच माणूस, तोच कपाळावर उभा राहिलेला तांबूस केसांचा तुरा. थोड्या वेळाने त्याने चक्क हिंदीत भारतातल्या लोकांना नमस्कार केला, नाश्त्याबद्दलही काहीतरी बोलला. शब्द अडखळत होते, पण आपल्याकडचे होते. माझा हात चाळणीतच राहिला.

तेवढ्यात नातीचा फोन. न्यू जर्सीत अजून रविवारच होता. "आजी, बघतेयस का? आई सांगते, तू या माणसासाठी रडली होतीस. खरंच?"

खरंच. ती आता पंधरा वर्षांची आहे. मी रडले तेव्हा सव्वातीन महिन्यांची होती आणि माझ्याच मांडीवर होती. फोनवर मी "हो" एवढंच म्हणाले. तिला मराठी वाचता येतं, हळूहळू का होईना, म्हणून बाकीचं इथे लिहून ठेवते.

आधी माझं थोडं सांगायला हवं. मी इंदूरच्या आकाशवाणीवर एकोणीस वर्षं नैमित्तिक उद्घोषिका होते. तिसऱ्या सभेची ड्यूटी मला आवडायची. रात्री अकरा वाजून गेले की घड्याळाच्या काट्याकडे बघत शेवटची उद्घोषणा करायची आणि फेडर खाली घ्यायचा. रात्रीचा आवाज वेगळा लावावा लागतो. सकाळी आपण लोकांना उठवत असतो, तेव्हा वाक्याच्या शेवटी सूर वर गेला तरी चालतो. रात्री ऐकणारा आडवा झालेला असतो, दिवा मालवलेला असतो, घरातली बाकीची झोपलेली असतात. तिथे एकाच माणसाशी, जवळून बोलायचं असतं.

श्रोत्यांचं मत आमच्याकडे पोस्टकार्डावर यायचं. पंधरा पैशांची ती कार्डं मी गठ्ठ्यांनी वाचली आहेत. देवासहून, शाजापूरहून, बडनगरहून आलेली. नवा आवाज लागला की पहिले काही महिने बहुतेक कार्डं नाराजीची असायची: आधीच्या ताई कुठे गेल्या? या फार घाईत बोलतात. मग वर्षभराने त्याच गावाहून, त्याच अक्षरात, त्याच 'घाईत बोलणाऱ्या' ताईंच्या नावाने फर्माईश यायची. माणूस तोच, मत बदललेलं. मधे काय झालं होतं? काही नाही. दिवस गेले होते.

हे सगळं डोक्यात घेऊन मी २००९ च्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकीच्या बाळंतपणासाठी नेवार्कच्या विमानतळावर उतरले. सियागंजातून घेतलेले अळीव, डिंक, खारीक बॅगेत होते. गाडी एडिसनच्या दिशेने निघाली आणि जावई म्हणाला, "आई, तुम्ही ज्या विमानतळावर उतरलात ना, तिथे एका माणसाला यायला बंदी आहे."

तो माणूस म्हणजे हाच कोनन ओब्रायन. जावई त्याचा जुना भक्त. एमएसचा विद्यार्थी असताना रात्री लॅबमधून आल्यावर भात टाकायचा आणि साडेबाराला त्याचा कार्यक्रम लावायचा, असं त्याने मला वाटेतच सांगून टाकलं. १९९३ पासून सोळा वर्षं कोनन एनबीसी वाहिनीवर तो उशिराचा कार्यक्रम करत होता. १ जून २००९ ला त्याला त्याच वाहिनीचा सगळ्यांत मानाचा, १९५४ पासून चालत आलेला 'द टुनाइट शो' मिळाला होता. वेळ रात्री अकरा पस्तीस. हा कार्यक्रम जॉनी कार्सनने तीस वर्षं केला, मग १९९२ पासून जे लेनोने सतरा वर्षं. आमच्याकडे शेखर सुमनचा 'मूव्हर्स अँड शेकर्स' याच घडणीचा होता: आधी उभं राहून दिवसाच्या बातम्यांवर टोले, मग टेबलामागे बसून पाहुण्यांशी गप्पा, बाजूला वाद्यवृंद. त्यामुळे ढाचा मला ओळखीचा होता.

नेवार्कची भानगड अशी, की तिथल्या नगरपालिकेच्या आरोग्य योजनेवरून कोननने शहराला एक टोला हाणला. तिथले महापौर कोरी बुकर गप्प बसणारे नव्हते. त्यांनी चित्रफीत काढून जाहीर केलं की कोननला नेवार्कच्या विमानतळावर मज्जाव आहे. कोननने उलट त्यांना कॅलिफोर्नियातल्या बरबँकच्या विमानतळावर मज्जाव केला. हे आठवडेच्या आठवडे चाललं. इंदूरच्या माणसाला यात लगेच घरच्यासारखं वाटतं. भोपाळवाल्यांशी आमचं दुसरं काय चालतं? शेवटी १६ ऑक्टोबरला बुकर त्याच्या स्टुडिओत आले, हात मिळवले आणि नेवार्कला एक लाख डॉलरची देणगी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. नात पाच दिवसांची होती आणि दिवसरात्रीचा तिचा हिशेब पूर्ण उलटा होता. लेकीला दोन तास सलग झोप मिळावी म्हणून रात्री दहा ते एक मी तिला घेऊन बाहेरच्या खोलीत बसायची. टीव्ही अगदी बारीक आवाजात. म्हणजे नात जन्मल्यापासून कोननचा जवळजवळ प्रत्येक कार्यक्रम आम्ही दोघींनी मिळून बघितला आहे.

पहिले दोन आठवडे मला तो आवडला नाही. फार हलायचा. कमरेला दोरे बांधलेत असं दाखवून कळसूत्री बाहुलीसारखा नाचायचा, ते दोरे कापल्याचा आविर्भाव करायचा. मजकुरातल्या निम्म्या गोष्टी मला कळायच्या नाहीत, पण तो माझा प्रश्न नव्हता. मी त्याचं बोलणं ऐकत होते. बोलताना तो थांबायचा नाही. एक विनोद पडला की दुसरा लगेच मागे. नव्या घरात राहायला आलेला माणूस भिंतीला डाग पडेल म्हणून खुर्ची जपून सरकवतो, तसा तो त्या मोठ्या चकचकीत स्टुडिओत वावरायचा. हे माझं मत जावयाला पटलं नाही. "तुम्ही त्याचं जुनं बघितलेलं नाही, आई," म्हणाला, आणि रविवारी दुपारी जुने तुकडे काढून बसला. ते बघितल्यावर माझं मत आणखी पक्कं झालं. साडेबाराच्या कार्यक्रमात तो मोकळा होता, वेडगळ होता, आणि मुख्य म्हणजे त्याला कोणाची भीती नव्हती. अकरा पस्तीसला तो स्वतःला आवरून बसला होता.

वरच्या मजल्यावर एक सत्तरीच्या बाई राहायच्या. आयुष्यभर शाळेची बस चालवलेल्या. नातीसाठी पिवळ्या लोकरीचं पांघरूण विणत होत्या आणि मापं घ्यायच्या निमित्ताने खाली यायच्या. त्या लेनोच्या. त्याआधी कार्सनच्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: दिवसभर मान मोडून काम केलेल्या माणसाला रात्री कोडी सोडवायची नसतात. लेनो बातमी सांगतो, तिच्यावर एक विनोद सांगतो, विनोद मला कळतो, मी झोपते. तुमचा हा मुलगा (कोनन तेव्हा शेहेचाळीस वर्षांचा होता) मला जागं ठेवतो. मी हे लेकीला सांगितलं तेव्हा ती हसली, पण मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. रात्रीच्या कार्यक्रमाचं काम काय, हे त्या बाईंना नेमकं माहीत होतं.

आणि इथेच घोटाळ्याचं मूळ होतं, तेही मला त्यांच्याच खोलीत दिसलं. एनबीसीने लेनोला सोडलं नव्हतं. १४ सप्टेंबरपासून त्याला आठवड्याचे पाचही दिवस रात्री दहाचा नवा कार्यक्रम दिला होता. दहाला एरवी तासातासाच्या मालिका असायच्या, त्या काढायला पैसा फार लागतो. लेनोचा कार्यक्रम त्याहून कितीतरी स्वस्त. हिशेब कागदावर बरोबर होता. पण तिथली रात्र कशी उलगडते बघा: दहाला मालिका, अकराला आपल्या गावच्या बातम्या आणि उद्याचं हवामान, मग अकरा पस्तीसला 'टुनाइट शो'. एकातून दुसऱ्यात माणूस वाहत जातो. वरच्या बाई पूर्वी तशाच वाहत लेनोपर्यंत पोचायच्या. आता त्यांना लेनो दहालाच मिळत होता. त्यांचं पोट दहाच्या पंगतीतच भरायचं. अकराला हवामान बघितलं की दिवा बंद. आणि ज्यांना दहाचा लेनो नको होता ते दुसऱ्या वाहिनीवर गेले, तिथल्याच बातम्या बघितल्या आणि तिथेच राहिले. सीबीएसवर अकरा पस्तीसला डेव्हिड लेटरमन त्याच घडणीचा कार्यक्रम घेऊन बसलेला होताच.

ओक ट्री रोडवर आमचे एक गुजराती दुकानदार होते. ओव्याची धुरी दिल्यामुळे घरातला धुराचा भोंगा वाजला, त्या दिवशी मी त्यांच्याकडे विजेची शेगडी मिळते का विचारायला गेले आणि विषय निघाला. ते म्हणाले, "बेन, गल्ल्यावर नवीन माणूस बसवला आणि जुन्या माणसाला दुकानाच्या दारात तोच माल विकायला बसवला, तर आत कोण येईल?" एवढ्या वर्तमानपत्रांनी लिहिलं, पण एका वाक्यात हे कुणी सांगितलेलं माझ्या वाचनात नाही.

आकडे दोघांच्याही विरोधात गेले. लेनोच्या काळी होते त्याच्या जवळजवळ निम्मे प्रेक्षक कोननकडे उरले होते. तरुणांत त्याला मागणी होती, पण एकूण गणतीत लेटरमन पुढे गेला होता. आणि दोनशेच्या वर गावोगावची केंद्रं, जी एनबीसीचे कार्यक्रम दाखवतात आणि अकराच्या बातम्यांवर पोट भरतात, ती ओरडायला लागली की दहाच्या लेनोमुळे आमच्या बातम्या कोणी बघेना. त्यांचंही चूक नव्हतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बातमी फुटली. वाहिनीने तोडगा काढला होता: लेनो अकरा पस्तीसला अर्धा तास, आणि 'टुनाइट शो' बारा पाचला. लेक म्हणाली, "अर्ध्या तासाने काय बिघडतं?" मी तिला म्हटलं, मला विचार. आमच्याकडे रात्रीचा कार्यक्रम दहा मिनिटं पुढे गेला तरी कार्डं यायची, आणि ती रागाची नसायची, गोंधळलेली असायची. 'मी दिवा मालवला तेव्हा तुम्ही नव्हता.' एका शाजापूरच्या बाईंचं हे वाक्य मला तीस वर्षांनंतरही आठवतं. रात्रीची वेळ ही घड्याळातली वेळ नसते. ती कोणाच्या तरी अंथरुणाची वेळ असते.

१२ जानेवारीला कोननने निवेदन काढलं. जावयाने ऑफिसमधून आल्या आल्या, बूटही न काढता, ओट्याशी उभं राहून ते मोठ्याने वाचलं. सुरुवातच पृथ्वीवरच्या समस्त लोकांना उद्देशून. पण पुढे गंमत कमी होती. 'टुनाइट शो' उद्याच्या तारखेत ढकलला तर तो 'टुनाइट शो' राहणार नाही, आणि ज्या कार्यक्रमावर आपलं एवढं प्रेम आहे त्याच्या नाशात आपण हात लावणार नाही, असा त्याचा भाव होता. शेवटी केसांबद्दल क्षमा मागितली होती. मला ते निवेदन एखाद्या जुन्या नाटकवाल्याने लिहिल्यासारखं वाटलं, ज्याला तिसरी घंटा म्हणजे काय ते कळतं.

त्याच दिवशी संध्याकाळी हैतीत भूकंप झाला. पुढचे दहा दिवस टीव्हीवर एकीकडे ढिगारे आणि दुसरीकडे हा वाद. लेकीने मला विचारलं, आणि तिचं विचारणं योग्यच होतं, की आई, तिकडे एवढी माणसं मेली आणि आपण एका श्रीमंत माणसाच्या कार्यक्रमाच्या वेळेवर बोलतोय, हे बरं दिसतं का? मी तेव्हा गप्प बसले. आज उत्तर देते. दुःखाच्या तराजूत हे दोन्ही घालायचंच नसतं. ढिगाऱ्याखालच्या माणसासाठी आपण पैसे पाठवतो, हात जोडतो. आणि आपल्या हाताखालचं काम कोणी निम्म्यावर काढून घेतलं तर त्याबद्दलही बोलतो, कारण ते आपल्याला माहीत असलेलं जग आहे. जे घरातल्या अन्यायाला अन्याय म्हणत नाहीत ते लांबच्या दुःखाला काय म्हणणार?

त्या दहा दिवसांत कोनन सुटला. गमावण्यासारखं काही उरलं नाही आणि जावयाच्या जुन्या तुकड्यांतला माणूस परत आला. कार्यक्रम विकायला काढला. एक महागडी बुगाटी वेरॉन गाडी उंदराच्या वेषात उभी केली, वर रोलिंग स्टोन्सचं गाणं लावलं आणि वाहिनीला याचे पंधरा लाख डॉलर पडणार म्हणून सांगितलं (गाडी वस्तुसंग्रहालयातून आणलेली होती, खर्च असा काही नव्हता, हे नंतर बाहेर आलं). बोलण्यात थांबे आले. एखादा टोला मारून तो नुसता उभा राहायचा, प्रेक्षकांना त्याच्यापर्यंत येऊ द्यायचा. मी मांडीवरच्या नातीला म्हटलेलं आठवतं, "बघ, आता याचा सूर लागला." १८ जानेवारीला लॉस एंजेलिसमध्ये त्याच्यासाठी लोक पावसात भिजत उभे राहिले. न्यूयॉर्क, शिकागो, सिअॅटलमध्येही जमले. 'कोको' हे त्याचं लाडकं नाव आणि नारिंगी केसांचं एक भित्तिचित्र सगळीकडे दिसत होतं. यांतल्या किती जणांनी ऑक्टोबरात रोज टीव्ही लावला होता, हा वरच्या बाईंचा प्रश्न होता. प्रश्न खरा होता. मला तरी त्याचं उत्तर पोस्टकार्डांतच दिसतं: प्रेम बसायला लागलं होतं, आणि नेमकं तेव्हाच ताट ओढलं गेलं.

२२ जानेवारी, शुक्रवार. कोननच्या 'टुनाइट शो'ची शेवटची रात्र. आठ वाजता सगळ्या मोठ्या वाहिन्यांवर हैतीसाठी मदतीचा कार्यक्रम झाला, जावयाने फोन करून पैसे दिले. मग अकरा पस्तीस. त्या रात्री नात जागी नव्हतीच, तरी मी तिला खाली ठेवलं नाही. लेकही उठून येऊन बसली. टॉम हँक्स आला. नोकरी सोडणाऱ्याची घेतात तशी मुलाखत घ्यायला स्टीव्ह कॅरेल आला. नील यंग गिटार घेऊन एकटा उभा राहून गायला. आणि शेवटी कोनन स्वतः बोलला.

तो कडू बोलेल असं आम्हाला वाटलं होतं. आदल्याच दिवशी वाहिनीशी तडजोड जाहीर झाली होती: साडेचार कोटी डॉलर, त्यातले सव्वा कोटीच्या जवळपास त्याच्या माणसांसाठी, जी न्यूयॉर्कमधली घरं मोडून त्याच्यामागे कॅलिफोर्नियात आली होती. आता मनातलं बोलायला मोकळा होता. त्याने वाहिनीचे आभार मानले. वीस वर्षं इथेच काढली, म्हणाला. मग विशेषतः तरुण लोकांना त्याने एक मागणं केलं की कडवट होऊ नका, त्यातून काही निघत नाही. आयुष्यात कुणालाच ठरवलेलं नेमकं मिळत नाही, पण कष्ट केले आणि माणसांशी चांगलं वागलं तर अचाट गोष्टी घडतात. हे बोलताना त्याचा आवाज फुटला. त्याने थांबून आवंढा गिळला आणि पुन्हा सुरुवात केली. माईकसमोर हे करणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे. आवाज फुटला की माणूस घाई करतो, पुढचं वाक्य आटपतो. तो थांबला. ज्या थांबण्याची मी ऑक्टोबरपासून वाट बघत होते ते थांबणं त्याला शेवटच्या रात्री साधलं, आणि तिथे मला रडू आलं. मग विल फेरेल गायला, कोननने गिटार वाजवली, आणि पडदा. एक कोटीहून जास्त लोकांनी ती रात्र बघितली.

मला सगळ्यांत जास्त लागलेली गोष्ट मात्र नंतर कळली. १९९३ मध्ये त्याचा साडेबाराचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा तो इतका कच्चा होता की 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या टॉम शेल्स या टीकाकाराने त्याला जिथून आला तिथे परत जायला सांगितलं होतं. वाहिनी तेव्हा त्याला तेरा-तेरा आठवड्यांच्या मुदतीवर ठेवत होती. तरी ठेवलं. तीन वर्षांनी त्याच शेल्सने आपलं मत जाहीरपणे मागे घेतलं. म्हणजे धीर धरला की काय होतं याचा पुरावा या वाहिनीच्या स्वतःच्याच घरात होता, याच माणसाच्या रूपाने. दुसऱ्या वेळी त्याच्या वाट्याला आठ महिनेही आले नाहीत.

मार्चअखेर मी इंदूरला परतले. दोन दिवसांनी झोपेचं गणित जुळेना म्हणून हे मला रात्री अकराला सराफ्यात घेऊन गेले. भुट्ट्याचा कीस खाता खाता मी सगळं सांगितलं. हे वकील माणूस. पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "करारात अकरा पस्तीस ही वेळ लिहिली होती का?" नव्हती लिहिलेली. ती तशी नव्हती हे तिकडच्या वर्तमानपत्रांतही आलं होतं. "मग तिथेच संपलं," म्हणाले. "वाहिनीने कार्यक्रम देण्याचा शब्द पाच वर्षं आधी, २००४ मध्ये दिला, आणि याने वेळ लिहून घेतली नाही."

मी त्यांना समोरचा ओटा दाखवला. दिवसा तिथे सोन्याचांदीचं दुकान असतं. ते बंद झालं, शटर पडलं, की त्याच पायऱ्यांवर कढई येते, दिवा लागतो, आणि रात्री दोनपर्यंत लोक उभे असतात. हे कुठे लिहिलेलं आहे? "समजा, उद्यापासून सराफाने दुकान बारापर्यंत उघडं ठेवलं आणि कढईवाल्याला म्हणाला, तू बारानंतर ये, काय बिघडतं. तुम्ही आणि मी बारानंतर येऊ का?" हे बराच वेळ त्या पायरीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नाही येणार. पण खटला तू हरशील."

एक गोष्ट सांगायची राहिली. इंदूरला निघायच्या आधीची, १ मार्चची. हिवाळी ऑलिम्पिक आदल्याच दिवशी संपलं होतं आणि त्या रात्री लेनो पुन्हा 'टुनाइट शो'वर येणार होता. जावयाने घरात टीव्ही लावायचा नाही असं ठरवलं होतं. मला मात्र बघायचं होतं. मी वर गेले. बाईंनी आपल्या मागे कलणाऱ्या खुर्चीशेजारी माझ्यासाठी आधीच दुसरी खुर्ची ओढून ठेवली होती. पांघरूण पूर्ण झालं होतं, फक्त कडेची वीण बाकी होती.

अकरा पस्तीसला वाद्यं वाजली, तो आला, समोरच्या लोकांच्या हातात हात देत गेला आणि बातम्यांवरचे विनोद सुरू झाले. सगळे मला कळले. बाई दोनदा हसल्या. बारा वाजायच्या आत सुया हातातच राहिल्या आणि त्यांची मान एका बाजूला कलली. बरेच महिने त्यांना रात्री नीट झोप लागत नव्हती, असं त्या मला म्हणाल्या होत्या. मी सुया काढून लोकरीच्या गोळ्यात खोचल्या, पांघरूण त्यांच्या गुडघ्यांवर नीट पसरलं. टीव्ही बंद केला नाही. तो बंद झाला तर त्या जाग्या होतील असं वाटलं. फक्त आवाज थोडा बारीक केला, लेनोचा आवाज ऐकू येईल एवढा ठेवला, आणि दार ओढून जिना उतरले.